बारावी गाडी

चैत्रातल्या यात्रेला पाच दिवस राहिले होते, सर्जेरावच्या अंगाला नुकती कुठं हळद लागली होती, आणि नेमकं त्याच सकाळी भैरू मिस्त्री म्हणाला, "अण्णा, यंदा बाराव्या गाडीवर दुसरा कुनीतरी बसवा."

सर्जेराव यार्डात अनवाणी उभा होता. हळद लागली की मानकऱ्यानं पाच दिवस पायात काही घालायचं नाही असा रिवाज, आणि यार्डातली जमीन म्हणजे सांडलेलं ऑइल, खडी आणि तापलेला मुरूम. एक पाय उचलत, दुसरा टेकवत तो भैरूकडं बघत राहिला. भैरूनं मात्र मान वर केली नाही. तो एका जीपच्या पुढच्या चाकाचे नट आवळत होता, आणि सगळे आवळून झाले तरी पुन्हा पहिल्यापासून आवळत होता.

सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडं निघालं की त्या गावाच्या अलीकडं डाव्या हाताला सर्जेरावचं यार्ड लागायचं. जुन्या गाड्या घ्यायच्या, ठोकठाक करायची, रंग मारायचा आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. बाविसाव्या वर्षी खडकीला मिलिटरीच्या लिलावात जाऊन त्यानं पहिली जीप आणली, तेव्हा ती ढकलत आणायला भैरूच सोबत होता. आता पंचक्रोशीत कुणाच्याही दारात चारचाकी दिसली तर तिच्यावर सर्जेरावचा हात फिरलेला असायचा. बारा वर्षं तो सरपंचही होता. गाव महापालिकेत गेलं आणि सरपंचकी संपली, पण लोकांची सवय काही संपली नाही. नळाला पाणी नाही, चला अण्णाकडं. दिवा लागत नाही, चला अण्णाकडं. अण्णा एका हातानं गिऱ्हाइकाला बॉनेट उघडून दाखवणार आणि दुसऱ्या हातानं वॉर्ड ऑफिसला फोन लावणार. आता गावासाठी महापालिकेची पहिलीच निवडणूक तोंडावर आली होती, आणि तिकीट सर्जेरावला मिळतंय की जुन्या गटाच्या दत्तोबाला, एवढाच प्रश्न उरला होता.

आणि गावची यात्रा म्हणजे बारा गाड्या. एकीमागं एक अशा बारा गाड्या जोडायच्या, त्यात माणसं खच्चून भरायची, आणि मानकऱ्यानं कमरेला दोर बांधून वेशीपासून भैरवनाथाच्या देवळापर्यंत त्या एकट्यानं ओढायच्या. मान सर्जेरावच्या घराचा. आजा ओढायचा, बाप ओढायचा. नाथसाहेब अंगात येतात आणि ओढतात, माणसाचं ते काम नव्हे, असं गाव मानायचं. पूर्वी बैलगाड्या असायच्या. त्या हळूहळू मोडल्या, राहिल्या त्या रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यांनी शोभेला नेल्या. तेव्हा सर्जेरावनं यार्डातल्या बारा जीपा देवाच्या कामाला दिल्या आणि गावानं त्याला डोक्यावर घेतलं.

इथंवर सगळं झकास होतं. घोटाळा केला तो रस्त्यानं.

वेशीपासून देवळापर्यंत जुना रस्ता उताराचा होता. पावसाळ्यात सगळ्या गावचं पाणी देवळात शिरायचं, देव गुडघाभर पाण्यात उभा राहायचा. सर्जेराव सरपंच, त्यानं हातपाय मारून निधी आणला, खालच्या अंगाला तीन फूट भर घातली आणि वर सिमेंटचा रस्ता केला. पाणी थांबलं. रस्त्याच्या तोंडाशी त्याच्या नावाची फरशी बसली. पाण्यासोबत उतारही गेला, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. अहो, जन्म गाड्यांत घालवलेल्या माणसाच्याही ध्यानात आलं नाही, आता ह्याला काय म्हणावं!

ध्यानात आलं ते त्या वर्षीच्या यात्रेत, कमरेला दोर आवळल्यावर. सर्जेरावनं जोर लावला, डोळ्यांपुढं काजवे चमकले, तळपायाची कातडी सिमेंटवर घासली, आणि गाड्या तसूभरही हलल्या नाहीत. लोक चांगभलं करत होते, हलग्या कडकडत होत्या. आता मान जातो, आता घराण्याचं नाव जातं, असं त्याला झालं. आणि मग मागून हळूच रेटा आला. दोन गाड्यांच्या मध्ये जुनं टायर अडकवून वरून साखळी बांधलेली असायची. बाराव्या गाडीवर लाउडस्पीकर होता, बॅटरी उतरू नये म्हणून तिचं इंजिन चालूच असायचं, आणि स्टिअरिंगवर होता भैरू. त्यानं कुणाला न विचारता पहिला गिअर टाकला होता.

तेव्हापासून सहा यात्रा झाल्या. दर यात्रेला रेटा आला, दर यात्रेला गाड्या देवळापाशी पोचल्या. पण त्या दोघांनी ह्या गोष्टीचा एकमेकांपाशी उच्चार केला नाही. दिवसभर बरोबर असायचे, पिस्टन-रिंगांपासून लेकीसुनांपर्यंत सगळं बोलायचे, हे सोडून. बोललं नाही म्हणजे ते झालंच नाही, असं सर्जेरावनं मनाशी धरून ठेवलं होतं.

म्हणून भैरूच्या तोंडून बाराव्या गाडीचं नाव निघालं तेव्हा सर्जेराव उचललेला पाय टेकवायचाच विसरला. का रं, एवढंच त्यानं विचारलं. भैरूनं पाना खाली ठेवला, डावा पाय पुढं पसरला आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. पोटरीचं मांस आपोआप उडत होतं, थांबत होतं, पुन्हा उडत होतं.

"क्लचवर ऱ्हात न्हाई," भैरू म्हणाला. "माघ महिन्यापास्नं आसं हाय. गेल्या साली थोडकं होतं, तरी घसरला."

गेल्या साली काय झालं ते सर्जेराव विसरला नव्हता. देऊळ हाकेवर राहिलं असताना गाड्यांनी एकदम हिसका खाल्ला आणि पहिल्या जीपचा बंपर त्याच्या पोटरीवर आदळला. तो गुडघ्यावर पडला. देवाच्या दारात मानकऱ्यानं लोटांगण घातलं म्हणून बायांनी वरून फुलं टाकली. पण त्याच्या आणि जीपच्या मधे त्याची बायको विजयमाला कलश घेऊन चालत होती. मानकऱ्याच्या घरच्या बाईनं पहिल्या गाडीच्या चाकापुढं पाण्याची धार धरत चालायचं, हा रिवाज. ती एका अंगाला झाली म्हणून वाचली. तिचा कलश मात्र गाडीखाली सापडून चपटा झाला.

दुसरा कुणी बसवायचा म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं. सर्जेराव बघू, म्हणाला, आणि टाचा उचलत सावलीला गेला.

दुपारी जेवायच्या वेळेला घरी आला तर ओसरीवर आणखी एक ताट वाढून ठेवलेलं. म्हातारी सोजरबाई, सर्जेरावची आत्या, मधोमध बसली होती आणि तिनं ठरवूनच टाकलं होतं, की यंदा कलश थोरल्या सुनेनं धरायचा. शकू. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि तिला पाचवा महिना लागला होता. धनाजी, तिचा नवरा, खडकीच्या कारखान्यात पाळीवर जायचा. यात्रेला त्यानं रजा काढली होती आणि पहिल्या जीपचं स्टिअरिंग तोच धरणार होता. पोटुशी सून देवाच्या गाडीपुढं चालली म्हणजे घराला आणखी काय पाहिजे, असं सोजरबाईचं म्हणणं.

सर्जेरावच्या हातातला दुधाचा पेला तसाच राहिला. व्रतात त्याला दूध आणि केळी एवढंच चालायचं, ते पण उतरेना. ऊन फार असतं, तो म्हणाला. सोजरबाई म्हणाली, ऊन काय यंदाच निघालंय का. गर्दी असती, तो म्हणाला. गर्दी तर देवाला लागतीच, ती म्हणाली. मग त्यानं जरा आवाज चढवला आणि म्हणाला, यंदाही हिनंच धरावा, सवयीची आहे. विजयमालानं त्याच्याकडं नीट बघितलं. तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला गिऱ्हाइकाशी बोलताना पुष्कळ वेळा ऐकलं होतं, आणि तो गाडीचं एखादं दुखणं झाकत असला की आवाज असाच चढायचा, हे तिला पाठ होतं.

"काय झालंय ते सांगा की," ती हळूच म्हणाली.

काही नाही, म्हणून तो उठला. हात धुवायला मागच्या दारी गेला तर तिथं शकू भांडी विसळत होती. ती पदर सावरून उभी राहिली. तिचं माहेर येरवड्याचं, आई-बाप दोन भावांना घेऊन यात्रेला यायचे होते, आणि लेक मानाचा कलश घेऊन चालणार म्हणून त्यांनी सगळ्या चाळीला सांगून ठेवलं होतं.

"मामंजी, माझं काही चुकलं का?" तिनं विचारलं.

नाही गं पोरी, एवढं म्हणून सर्जेराव तिच्या हातातल्या पातेल्याकडं बघत राहिला. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते आपल्यामुळं आलेत हे त्याला कळत होतं. ही पोर काय वाटेल ते झालं तरी पाण्याच्या धारेकडंच बघत चालणार, मागं काय येतंय ते बघणार नाही, हेही कळत होतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं भलतंच काढलं. यार्ड व्रताच्या दिवसांत बंदच असायचं. त्यानं फाटक आतून लावलं, बाराही गाड्यांच्या चाकांत हवा मारून मारून टायर दगडासारखे केले, हबला नवं ग्रीस भरलं, कुठल्या चाकाचा ब्रेक धरत असेल तर तो सैल केला. आणि मग भर दुपारी कमरेला दोर बांधून स्वतः ओढून बघायला लागला. एक जीप ओढली. दुसरी जोडली, ती पण दातओठ खाऊन पाच-सहा पावलं आली. तिसरी जोडली आणि तो दोराला लोंबकळत राहिला. साखरेचं दुखणं अंगात होतं, दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. गुडघ्यात कळ आली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तो मुरमावर बसला. तीन होत्या त्या. रिकाम्या. यात्रेत बारा असणार होत्या, आणि एकेकीत पंधरा-वीस माणसं.

तो वर बघतो तर फाटकाच्या फटीतून विजयमाला आत बघत होती. त्यानं फाटक उघडलं, ती आत आली, तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची ओघळलेली हळद पुसली आणि दोराची गाठ सोडायला लागली. गाठ कमरेत रुतली होती. आबांच्या वेळेला गाड्या कशा यायच्या, तिनं विचारलं. आबा म्हणजे सर्जेरावचा बाप. सर्जेराव म्हणाला, तेव्हा उतार होता. तिचे हात गाठीवर थांबले.

तिसऱ्या दिवशी पक्षाच्या शहरातल्या ऑफिसातून शरच्चंद्र नावाचे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात छत्री. सर्जेरावनं त्यांना खुर्ची दिली, स्वतः व्रत म्हणून जमिनीवर बसला, आणि त्याबरोबर आपण तिकिटाच्या मुलाखतीला पाय दुमडून बसलोय असं त्याला वाटायला लागलं. शरच्चंद्रांनी यार्डातल्या गाड्या पाहिल्या, रस्त्याची फरशी पाहिली, हळदीनं पिवळा झालेला उमेदवार पाहिला.

"आपण एकटे बारा गाड्या ओढता, असं आमच्या कानावर आलंय," ते म्हणाले. "आमच्याकडे चौघांत मिळून एक फाइल हलत नाही. येतो आम्ही यात्रेला. पाहायला."

दत्तोबालाही बोलावलंय, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. यात्रा पाहून तिथल्या तिथं काय ते ठरवू, असं त्यांचं मत पडलं. सर्जेरावनं हात जोडले. ते गेल्यावरसुद्धा थोडा वेळ त्याचे हात तसेच जोडलेले होते.

त्या संध्याकाळी तो भैरूच्या खोलीवर गेला. ओढ्याच्या काठाला पत्र्याच्या दोन खोल्या, बायको वारल्यापासून भैरू एकटाच राहायचा. सर्जेराव दारातच बसला. ओढ्याकडं बघत म्हणाला, की दुसरा कुणी बसवता येत नाही. भैरूनं मान हलवली. मग सर्जेरावनं सांगितलं, की यंदा पुढं शकू असणार आहे. भैरूनं चटकन त्याच्याकडं बघितलं.

"मंग तर मला नगाच बसवू," तो म्हणाला.

सर्जेरावनं त्याचे पाय धरले नाहीत एवढंच. आजवर भैरूला त्यानं काम सांगितलं होतं, शिव्या दिल्या होत्या, पोरीच्या लग्नात त्याच्या मांडवात उभा राहिला होता, पण विनवणी कधी केली नव्हती. हळू घे, तो म्हणाला. उजव्या पायानं सांभाळ. देवळापातूरच तर जायचंय. ही एक यात्रा होऊ दे, पुढच्या साली मी काहीतरी काढतो. भैरू पोटरी चोळत ऐकत होता. एवढं सगळं ऐकून तो बरं म्हणाला, पण त्याच्या बरं म्हणण्यात काही दम नव्हता, आणि परत येताना सर्जेरावला वाटलं, नाही म्हणाला असता तर फार बरं झालं असतं.

यात्रेच्या दिवशी ऊन असं काही तापलं होतं, की चार वाजले तरी सिमेंटवर पाय ठेववत नव्हता. बायांनी घागरी ओतून रस्ता निववला होता, तो पाच मिनिटांत वाळला. वेशीत बारा जीपा उभ्या राहिल्या. आंब्याचे डहाळे, झेंडूच्या माळा, आणि माणसं तर बॉनेटवर, टपावर, पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथं. पहिल्या जीपमध्ये धनाजी स्टिअरिंगवर आणि त्याच्या शेजारी सोजरबाई मांडी घालून बसलेली. देवळासमोरच्या पारावर खुर्च्या टाकल्या होत्या, तिथं शरच्चंद्र छत्री उघडून बसले होते आणि दुसऱ्या खुर्चीवर दत्तोबा.

गुरवानं सर्जेरावच्या कमरेला दोर आवळला. कपाळाला गुलाल लावला. शकू नवं हिरवं लुगडं नेसून कलश घेऊन मागं उभी राहिली. माहेरची माणसं विजयमालासोबत कडेला होती, तिकडं बघून ती हसली. सर्जेरावचं चित्त देवावर नव्हतं, गर्दीवर नव्हतं. त्याचे कान बाराव्या गाडीकडं लागले होते. लाउडस्पीकरवर आरती चालू होती. तिच्याखालून इंजिनाची घरघर त्याला ओळखू येत होती. त्याच्याच यार्डातलं इंजिन ते.

चांगभलं झालं, हलग्या वाजल्या, आणि त्यानं दोर ताणला. पहिला जोर तो नेहमी खराच लावायचा. गाड्या हलल्या नाहीत. मग मागून रेटा आला, मधली टायरं करकरली, आणि गाड्या निघाल्या. दहा पावलं झाली. वीस झाली. लोक वेडे झाले होते. सर्जेराव मान खाली घालून पाऊल मोजत होता, आणि दर पावलाला त्याला पाठीमागं शकूच्या जोडव्यांचा आवाज ऐकू येत होता.

वाटेतलं मारुतीचं देऊळ मागं पडलं आणि हिसका बसला. फार मोठा नव्हता. दोर सैल पडला तसं त्यानं वळून बघितलं. पहिल्या जीपचा बंपर शकूच्या लुगड्याला लागून उभा होता. तिनं वर बघितलंच नव्हतं. ती वाकून धार धरण्यात गुंग होती. धनाजीचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं ब्रेक दाबला होता, पण मागच्या अकरा गाड्यांनी तो ऐकला नव्हता. क्षणभर सगळं थांबलं. लोकांना वाटलं मानकरी दम खातोय. कुणीतरी त्याच्या तोंडावर पाणी मारलं.

आता पुन्हा दोर ताणायचा. भैरवनाथाचं देऊळ समोर दिसत होतं, अजून निम्मी वाट होती. शरच्चंद्र छत्री मिटून उठून उभे राहिले होते आणि दत्तोबाच्या कानात काहीतरी सांगत होते. त्यांच्या तोंडावर कौतुक होतं. आणखी शंभर पावलं, की सगळं मिळत होतं. सर्जेरावनं दोराला हात घातला. मागं बाराव्या गाडीचं इंजिन पुन्हा चढलं, आणि त्या आवाजात त्याला क्लच थरथरताना ऐकू आला. गाड्या ओळखायला तो उभा जन्म शिकला होता, त्यात चूक होणार नव्हती.

त्यानं हात वर केला. हलगीवाले थांबले. हलगीवर शेवटचं टिपरू पडलं आणि गर्दी गप्प झाली.

"भैरू," तो ओरडला, "गिअर काढ."

अकरा गाड्यांच्या स्टिअरिंगवर बसलेल्या अकरा माणसांनी मान मागं वळवली. त्यांच्यातला प्रत्येकजण सर्जेरावच्याच गाडीवर हात बसवलेला. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून बाकीच्यांना कळलं. कुणी म्हणालं, म्हंजे? कुणी म्हणालं, मागनं ढकलतोय की काय? इंजिन बंद झालं, त्याबरोबर आरती पण मधेच बंद पडली.

सर्जेरावनं आधी शकूला कडेला घेतलं आणि विजयमालाच्या हातात दिलं. तेवढ्यात मागं कल्ला उठला. पोरांनी भैरूला गाडीतून खाली ओढलं होतं. धोतर नेसलेली जाणती माणसंसुद्धा धावत सुटली. देवाशी खेळतो का, म्हणून कुणी त्याच्या मुस्काटात दिली. भैरूचा डावा पाय अंगाखाली मुडपला आणि तो बसला, तसा त्याला कॉलर धरून उभा केला. ओढत ओढत पुढं आणला. सर्जेरावच्या अंगाला मात्र कुणी बोट लावलं नाही. हळदीचं अंग होतं, आणि बारा वर्षांचा सरपंच होता.

शरच्चंद्र गर्दीतून वाट काढत आले. त्यांनी भैरूकडं पाहिलं, सर्जेरावकडं पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पण अगदी सभ्यपणे म्हणाले, "सर्जेराव, आपल्याला याची कल्पना नव्हती. आपल्याला आत्ता कळलं, आणि आपण लगेच थांबवलंत. असंच ना?"

गर्दीतून लगेच हो हो झालं. अण्णाला काय ठाऊक असणार, ह्या भैऱ्याचीच करणी. गुरवानं मान डोलावली. दोन-चार जण तर म्हणायला लागले, की नाथसाहेबांनीच अण्णाला सावध केलं. नुसती मान हलवायची होती. आणि तसं बघितलं तर खोटं कुठं होतं? पहिल्या यात्रेत भैरूनं त्याला विचारलं नव्हतं. ढकल असं तो भैरूला कधीही म्हणाला नव्हता. भैरू फुटलेला ओठ चाटत खाली बघत होता. तोही काही बोलणार नव्हता, सर्जेरावला ठाऊक होतं. सहा वर्षं बोलला नव्हता, आताही बोलला नसता.

"मीच सांगितलं होतं त्याला," सर्जेराव म्हणाला. "पहिल्या सालापास्नं. तो नको म्हणत होता."

भैरूनं झटक्यात मान वर केली. तोंड उघडलं. सर्जेरावनं त्याला हातानंच गप्प केलं.

कॉलरवरचा हात सुटला. शरच्चंद्रांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"देवालाही डिझेल लागतं, हे आम्हाला नवीन," ते म्हणाले आणि आपल्या गाडीकडे निघाले. दत्तोबा त्यांच्यामागं गेला. सोजरबाई जीपमधून उतरली, सर्जेरावच्या शेजारून निघून गेली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. बापाची, आज्याची नावं घेऊन ती रडत होती, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. गुरव दोराची गाठ सोडायला लागला. ती सुटेना, तेव्हा त्यानं नारळ सोलायचा कोयता मागवला आणि दोर कापला. पुढच्या साली दोर कुणाच्या कमरेला, हे त्यानं विचारलं नाही. मोठमोठ्यानं बोलणारे पुष्कळ होते, पण त्या बारा गाड्यांकडं बघून कुणी पुढंही आलं नाही. माणसं एकेक करून उतरली आणि पाळण्यांकडं, जिलबीच्या दुकानांकडं पांगली. धनाजी शकूला आणि तिच्या माहेरच्यांना घेऊन घरी गेला. विजयमाला निघताना नवऱ्यापाशी थांबली, त्याच्या कमरेला अडकलेला दोराचा तुकडा तिनं काढून घेतला, आणि लवकर या, पोटात काही नाही तुमच्या, एवढं बोलून गेली.

सूर्य अजून वर होता. रस्त्यात बारा गाड्या तशाच उभ्या होत्या. भैरू बाराव्या गाडीच्या सावलीला पाय पसरून बसला होता. सर्जेराव रस्त्यानं मागं चालत आला, भाजलेले तळवे टेकवत, आणि त्याच्या शेजारी बसला.

"अण्णा, तुम्ही मला कवा सांगितलं होतं?" भैरू म्हणाला.

"न्हाई सांगितलं."

"मंग?"

"मला ऐकू येत होतं की रं, सहा वर्षं," सर्जेराव म्हणाला. "पहिल्या दिवसापास्नं. इंजिन चढलं की कळायचं मला. मी गप बसायचो, आन् तू गिअर टाकायचास. आता आनि कसं सांगत्यात?"

भैरूनं ओठावरचं रक्त बाहीला पुसलं आणि उठायला गेला, तर डावा पाय धरेना. सर्जेरावनं त्याच्या काखेत हात घालून त्याला उभा केला. गाड्या रस्त्यातनं काढायला पाहिजेत, तो म्हणाला, पालखीचा छबिना निघायचाय. मग भैरू बंपरला टेकून उभा राहिला आणि सर्जेराव वाकून बाराव्या गाडीची साखळी सोडायला लागला.